राबणारी बाहुली

आज आपण रोबोबद्दल बोलणार आहोत. हे ऐकून काहीजणी म्हणतील, आमचं निंदण, आमचा गट, आमचे हप्ते सोडून हे काय मधेच? थोडा वेळ द्या. ही गोष्ट फिरत फिरत आपल्या पऱ्हाटीच्या वावरातच येऊन थांबते.

आधी शब्द पाहू. रोबो हा शब्द आपल्याला इंग्रजी वाटतो, पण तो आला चेक भाषेतून. युरोपात प्राग नावाचं शहर आहे. तिथल्या कारेल चापेक नावाच्या लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिलं, 'आर. यू. आर.'. जानेवारी १९२१ मध्ये त्याचा प्रागला प्रयोग झाला. नाटकात एका बेटावर कारखाना आहे आणि त्या कारखान्यात माणसासारखे दिसणारे कामकरी बनवून जगभर विकले जातात. त्या कामकऱ्यांना काय नाव द्यावं हे लेखकाला सुचेना. त्याचा भाऊ योसेफ चित्रकार होता. तो म्हणाला, रोबो म्हण. हे नाव त्याने काढलं 'रोबोता' या जुन्या शब्दावरून.

रोबोता म्हणजे काय? जमीनदाराच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाने आठवड्यातले ठरलेले दिवस त्याच्या शेतात फुकट राबायचं. बैल असले तर बैल घेऊन जायचं, नसले तर हातपाय घेऊन. घरची पेरणी खोळंबली तरी मालकाची आधी. मजुरीचा प्रश्नच नाही. त्या भागात ही पद्धत कायद्याने बंद झाली १८४८ साली. पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तेही हेच साल. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण साल लक्षात ठेवायला आम्हाला ते सोपं जातं.

आता ही रोबोता तुम्हाला ओळखीची वाटली असेल, कारण मराठीत तिला नेमका शब्द आहे, वेठ. वेठबिगार, वेठीस धरणं हे आपण आजही बोलतो. वेठीला धरलेल्या माणसाला जुन्या मराठीत वेठ्या म्हणत. वेठ कोणाच्या वाट्याला यायची हे सांगायला नको. गावात ज्याची जात खालची धरली, त्याच्या दाराशी हुकूम यायचा. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात बदल करायचं विधेयक मांडलं, ते या फुकट राबवण्याच्या विरोधातच. पुढे संविधानाच्या कलम २३ मध्ये बिगारीला बंदी आली. विशेष म्हणजे संविधानाच्या इंग्रजी प्रतीतही तिथे 'बेगार' हाच आपल्याकडचा शब्द ठेवला आहे. आणि कर्जापायी माणसाला बांधून ठेवण्याच्या पद्धतीविरुद्धचा वेगळा कायदा व्हायला १९७६ साल उजाडावं लागलं.

म्हणजे रोबो या शब्दाचं सरळ मराठी करायचं तर ते 'वेठ्या' असं होईल. आपल्या पुस्तकांनी केलं 'यंत्रमानव'. शब्द सुरेख आहे, पण त्यातून वेठ निघून गेली आणि नुसतं यंत्र उरलं.

त्या नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीत बरं का. ते मांसासारख्या कुठल्याशा गोळ्यापासून तयार केलेले आहेत. त्यांना दुखत नाही, थकवा नाही, मजुरी नाही. सगळं काम तेच करतात, माणसं बसून खातात, आणि एक दिवस रोबो उठाव करतात. सगळी माणसं मारली जातात. एकाच म्हाताऱ्याला ते जिवंत ठेवतात. का, तर तो त्यांच्यासारखाच हाताने काम करणारा असतो, विटा रचणारा. शंभर वर्षांपूर्वी परदेशात लिहिलेल्या नाटकातली ही गोष्ट आपल्या चौकात सांगितली तरी कोणी तिला परकी म्हणणार नाही.

शब्द १९२० चा, पण ओढ फार जुनी आहे. जे आपल्यासाठी राबतं त्याची लहानशी प्रतिमा करायची आणि ती हलते का पाहायची, ही माणसाची सवयच आहे. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढत नेतात. खऱ्या बैलाचा पोळा आदल्या दिवशी झालेला असतो. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस मान, आणि दुसऱ्या दिवशी त्याची लाकडी प्रतिमा पोराच्या हातात.

माणसाच्या रूपातल्या हलत्या बाहुल्या आपल्याकडे कोकणात आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. कळसूत्री हा शब्द जरा सोडवून बघा, कळ आणि सूत्र. सूत्र म्हणजे दोरी, ती माणसाच्या बोटाला बांधलेली. बोट थांबलं की बाहुली थांबली. शब्दभ्रमकारांचा अर्धवटराव तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. यशवंत पाध्ये यांनी तो शंभर वर्षांपूर्वी रंगमंचावर आणला आणि त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी पुढे बोलता ठेवला. 'झपाटलेला' सिनेमातला तात्या विंचूही रामदास पाध्यांच्याच हातचा. १९९३ मध्ये त्याने लहानच काय, मोठ्यांचीही झोप उडवली होती. त्यात भीती कशाची होती? बाहुलीत हात घातलेला नाही आणि तरी ती चालते, याची. रोबोबद्दल लोकांना वाटतं ते कुतूहल आणि ती धास्ती, दोन्ही तिथलीच आहेत.

हात न लावता चालणारी बाहुली करायची खटपट आपल्याकडे किती जुनी असावी? धारचा राजा भोज, म्हणीतला तोच, अकराव्या शतकात होऊन गेला. त्याच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ आहे, घरं-देवळं कशी बांधावी याचा. त्यात एक अख्खा अध्याय यंत्रांवर आहे. दिव्यात तेल घालणारी बाहुली, तालावर फिरणारी बाहुली, दारात उभा राहून आगंतुकाला अडवणारा लाकडी पहारेकरी असं बरंच काही त्यात सांगितलं आहे. मात्र ही यंत्रं जोडायची कशी हे त्यात नीट दिलेलं नाही. ग्रंथ म्हणतो, आम्हाला येत नाही म्हणून नव्हे, गुपित राहावं म्हणून सांगत नाही. हे वाचून आम्हाला हसू आलं. बियाण्याच्या आणि मोबाईलच्या कंपन्या आजही असंच बोलतात.

जपानात उलटं झालं. तिथे जुन्या काळी चहा देणारी बाहुली असे. साधारण वीतभर-दीड वीत उंचीची. पोटात लाकडी दातेरी चाकं आणि देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्टीची कमान, आपल्या जुन्या घड्याळाच्या चावीसारखी. बाहुलीच्या हातातल्या तबकडीवर चहाचा पेला ठेवला की त्याच्या वजनाने कळ दाबली जाई आणि बाहुली पाहुण्याकडे चालू लागे. पाहुण्याने पेला उचलला की ती जागीच थांबे. रिकामा पेला परत ठेवला की वळून यजमानाकडे निघे. होसोकावा हांझो नावाच्या माणसाने १७९६ साली एक पुस्तक छापलं आणि त्यात या बाहुलीचे चाकादात्यांसकट नकाशे दिले. त्यामुळे आजही कोणी कारागीर ते पाहून तशीच बाहुली घडवू शकतो. बाहुल्या बनवता बनवता तिथले लोक कुठवर गेले पाहा. अशाच बाहुल्यांसाठी नावाजलेल्या तानाका हिसाशिगे या कारागिराने १८७५ साली कारखाना काढला, आणि त्यातूनच पुढे तोशिबा ही मोठी कंपनी उभी राहिली.

आता या सगळ्या बाहुल्या करतात काय ते मोजा. दिव्यात तेल घालणं, चहा देणं, दारात उभं राहणं. अरब कारागीर अल्‌-जझारी याने १२०६ साली लिहिलेल्या यंत्रांच्या पुस्तकातही पेला भरून देणारी दासी आहे आणि हात धुवायला पाणी-टॉवेल देणारे नोकर आहेत. राजेरजवाड्यांनी यंत्र मागितलं ते नोकराच्या आणि दासीच्या रूपात. कोणी यंत्राचा राजा करून मागितला नाही. दळणारी, पाणी ओढणारी बाहुलीही कोणी मागितलेली दिसत नाही, कारण ते काम दरबारात दिसत नव्हतं.

तर बाहुली आणि रोबो यात फरक काय? बाहुलीला जे शिकवलं तेच ती परत परत करते. रोबोला आजूबाजूचं कळतं आणि त्याप्रमाणे तो काम बदलतो. आपल्या विहिरीवर मोटरपंपाचा ऑटो असतो ना? रात्री दोनला लाईट आली की तो स्वतः ओळखतो, थोडं थांबतो आणि मोटर सुरू करतो. जे बघतं, ठरवतं आणि करतं, त्याला रोबोचा लहान भाऊ म्हणायला हरकत नाही. खरा पहिला कारखान्यातला रोबो १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसला. त्याचं नाव युनिमेट. त्याला तोंड नव्हतं, पाय नव्हते, नुसता एक मोठा हात. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून ठेवायचे एवढंच त्याचं काम. माणसाचा हात तिथे भाजायचा. वेठ्या हे नाव शोभावं असं काम होतं ते.

माणसासारखा चालणारा रोबो त्यानंतर आला. टोकियोच्या वासेदा विद्यापीठाने १९७३ साली वाबोट बनवला. तो एकेक पाऊल फार सावकाश टाकायचा. दोन पायांवर चालणं आपल्याला सोपं वाटतं, पण डोक्यावर हंडा आणि कडेवर पोर घेऊन बांधावरून चालणाऱ्या बाईचं शरीर क्षणाक्षणाला किती हिशोब करतं, ते यंत्राला शिकवायला गेल्यावर कळतं. पाऊल उचललं की सगळा भार एका पायावर, भार सरकला की कंबर उलट बाजूला. होंडा कंपनीचा असिमो २००० साली आला तेव्हा चालणं जरा जमलं होतं. फ्रान्समध्ये २००८ पासून नाओ नावाचा छोटा रोबो मिळू लागला. उंची ५८ सेंटीमीटर, वजन साडेपाच किलोच्या आसपास. आपलं तीन महिन्यांचं बाळ तेवढंच लांब आणि जवळपास तेवढंच जड असतं. अंगात २५ ठिकाणी वळणारे सांधे. जगभर शाळा-कॉलेजांत पोरं त्याच्यावर शिकतात, त्याच्याकडून फुटबॉलही खेळवून घेतात. अशा छोट्या रोबोंनी आजवर कोणाचं पोट भरणारं काम फारसं हिरावलेलं नाही. ते शिकण्यासाठीच आहेत, तान्ह्या पोळ्याच्या बैलासारखे.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक झाला. मुंबईत आयआयटीच्या आवारातल्या केंद्रीय विद्यालयातले संगणकाचे शिक्षक दिनेश पटेल यांनी 'शालू' नावाची रोबो घरी बसून बनवली. २०२१ साली ती बातम्यांत आली. पुठ्ठा, प्लास्टिक, लाकूड, अॅल्युमिनियम असं बरंचसं टाकाऊ सामान आणि सुमारे ५०,००० रुपये खर्च. ती मराठीसह कितीतरी भाषांत बोलते. इस्रोनेही अवकाशात पाठवण्यासाठी 'व्योममित्रा' बनवली आणि जानेवारी २०२० मध्ये लोकांना दाखवली. तिलाही बाईचंच रूप. आम्हाला अभिमान वाटला, आणि एक प्रश्नही पडला. सांगितलेलं ऐकणारी, उत्तर देणारी, न थकणारी म्हटली की बाईच का डोळ्यांपुढे येते? भोजाच्या दिव्यात तेल घालणारीपासून हे चालत आलं आहे.

आता वावरात येऊ. बायांच्या कामाला भिडलेली यंत्रं बाईसारखी दिसत नाहीत, म्हणून आपण त्यांना रोबो म्हणत नाही. पिठाची चक्की आली आणि पहाटेचं जातं सुटलं. त्या दळणाची मजुरी कधी कोणी दिली नव्हती, त्यामुळे जातं गेल्याचं दुःख कोणी केलं नाही. ओव्या तेवढ्या गेल्या. तणनाशक आलं तेव्हा मात्र निंदणाचे रोज कमी झाले. तिथे मजुरी होती. दोन्ही वेळा हातचं काम गेलं, पण एकदा वेठ गेली आणि एकदा रोजी गेली.

कापूस वेचणाऱ्या यंत्राची गोष्ट यासाठी ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये जॉन रस्ट नावाचा माणूस होता. लहानपणी त्याने स्वतः कापूस वेचला होता. यंत्राच्या फिरत्या चात्यांना कापूस चिकटायचा, पण मग तो सहज सुटून निघायचा नाही. अडलं होतं तिथेच. १९२७ साली त्याला आठवलं की त्याची आजी सूत कातताना चाती पाण्याने ओली करायची, म्हणजे कापूस धरला जाई. त्याने गुळगुळीत चाती ओली करून पाहिली आणि काम झालं. एका म्हातारीच्या बोटांतली युक्ती अख्ख्या यंत्राचा कणा ठरली. त्या आजीचं नाव मात्र फार कोणाला ठाऊक नाही.

१९३६ मध्ये मिसिसिपीतल्या शेतकी केंद्रावर रस्ट बंधूंनी यंत्र चालवून दाखवलं. बघायला गर्दी लोटली आणि वर्तमानपत्रांत एकच काळजी, हे चाललं तर लाखो वेचणारे कुठे जातील? नवल असं की ही काळजी रस्टलाही होती. मजुरांना किमान मजुरी देणाऱ्या, पोरांना कामाला न लावणाऱ्यांनाच यंत्र भाड्याने द्यावं, असा विचार त्या भावांनी मांडला होता. व्यवहारात तो टिकला नाही. १९४४ साली मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यात पेरणीपासून वेचणीपर्यंतचं सगळं पीक यंत्रावर निघालं, तेही दुसऱ्याच मोठ्या कंपनीच्या यंत्रावर. १९६० चं दशक संपेपर्यंत तिथला जवळपास सगळा कापूस यंत्र वेचू लागलं. वेचणारी बहुतेक माणसं काळ्या वर्णाची, गुलामांची नातवंडं-पतवंडं. ती शिकागो, डेट्रॉइटकडे निघून गेली. यंत्राने त्यांना ढकललं की माणसं आधीच निघाली म्हणून यंत्र आणलं, यावर इतिहासकार अजून भांडतात. आम्हाला दोन्ही खरं वाटतं. आपल्याकडेही मजूर मिळत नाही म्हणून यंत्र येतं आणि यंत्र आलं म्हणून मजूर जातो, हे एकाच वर्षात होताना दिसतं.

आपल्याकडे ते यंत्र अजून का आलं नाही? आपली पऱ्हाटी सगळी एका उंचीची नसते आणि बोंडं एका दमात फुटत नाहीत. सीतादही करून पहिला वेचा, मग दुसरा, तिसरा, आणि शेवटी फरदड. कमरेला ओटी बांधून वेचताना बाईचा हात कवडी बाजूला टाकतो, पत्ती झटकतो, हिरवं बोंड झाडावर राहू देतो. यंत्राला हाताइतकं नीट हे निवडणं जमत नाही. म्हणून यंत्राच्या देशात झाडच बदललं. ठेंगणं, दाट, एकदम फुटणारं, वर औषध मारून पानं झडवलेलं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत दाट पेरणीला जुळणाऱ्या वाणांवर काम चाललेलं आहे. हे वाण एकरी उतारा वाढवायला म्हणून येतात. पण ते आले की यंत्रासाठी वावर अर्धं तयार झालंच. किलोमागे मजुरी घेणाऱ्या बाईने दारात यंत्राची वाट बघत बसू नये, आधी बियाण्याच्या पिशवीकडे बघावं.

दुसरीकडे एक काम असं आहे की ते यंत्राने आजच न्यावं. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला लागली होती आणि विष सरळ तोंडावर येत होतं. बाभुळगावपासून यवतमाळचा दवाखाना लांब नाही, तेव्हाचे ते दिवस इथे कोणी विसरलेलं नाही. न्यू जर्सीतला तो लोखंडी हात ज्यासाठी केला होता, तसलंच हे काम.

फवारणीचा ड्रोन हाही एक रोबोच, उडणारा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. सुमारे १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचा, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान, उरलेल्याला कर्ज, आणि गटातल्या एका बाईला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. इतिहासात बघितलं तर हे वेगळं आहे. भोजाची बाहुली राजाची, युनिमेट कंपनीचा, वेचणीचं यंत्र मळेवाल्याचं. इथे कागदावर तरी यंत्र गटाच्या नावावर आहे. म्हणून गटाने अर्ज करण्याआधी विचारायच्या गोष्टी आहेत. बॅटरी किती एकरांनी संपते, नवी कितीला पडते, बिघडलं तर दुरुस्ती यवतमाळात होते की नागपूरला न्यावं लागतं, हंगाम सोडून बाकीच्या महिन्यांत हप्ता कशातून भरायचा, आणि प्रशिक्षण घेतलेली पोर लग्न होऊन गेली तर उडवणार कोण.

या हिशोबात एक बाई राहून जाते. फवारणाऱ्याला विहिरीवरून पाणी आणून देणारी. कुठे तिला अर्धा रोज मिळतो, कुठे ती घरचीच म्हणून काहीच मिळत नाही. ड्रोन आला की तिचं काम सुटेल. ती वेठ होती की रोजी, हे गावागावात वेगळं निघेल. तुमच्या गावात फवारणीला पाणी कोण वाहतं, आणि तिला त्याचे किती पैसे मिळतात, ते गटात विचारून आम्हाला कळवा. पत्र टाका नाहीतर केंद्रावर येऊन सांगा. आलेले आकडे आम्ही पुढच्या खेपेला वाचून दाखवू.